केसांना धूप देणारा काळ आणि नगरधनची राणी प्रभावतीगुप्ता

नागपूरचा उन्हाळा, डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ, त्यावर हेल्मेट आणि सीताबर्डीच्या सिग्नलवरची पाच मिनिटं. घरी येऊन स्कार्फ सोडला की कालच धुतलेल्या केसांनाही घामट वास येतो. रोज केस धुवायला वेळ नसतो, आणि रोज धुतले तर ते कोरडे पडतात. म्हणून मग ड्राय शाम्पू, हेअर मिस्ट, सिरम अशा बाटल्या घरात जमू लागतात.

हा प्रश्न आजचा नाही. नागपूरपासून साधारण 50 किलोमीटरवर, रामटेकच्या परिसरात, सोळाशे वर्षांपूर्वीही तो होता आणि त्यावरचं उत्तरही होतं. त्या काळातल्या बायका केसांना धूप द्यायच्या. कालिदासाच्या मेघदूतात या धुराचा उल्लेख आहे, आणि मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, असं अनेक अभ्यासक मानतात.

पण त्याच काळात, त्याच डोंगराच्या पायथ्याशी एक राणी राज्य करत होती. सुगंध, फुलं, शृंगार यांपासून विधवेनं दूर राहावं असं तेव्हाचे धर्मग्रंथ सांगत होते, आणि ही राणी ऐन तारुण्यात विधवा झाली होती. तिचं नाव प्रभावतीगुप्ता.

पाटलीपुत्राची मुलगी, विदर्भाची सून

प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची मुलगी. हाच तो चंद्रगुप्त, ज्याला लोक विक्रमादित्य म्हणून ओळखतात. तिची आई कुबेरनागा ही नाग घराण्यातली. म्हणजे एका बाजूला उत्तर भारतातलं सर्वांत बलाढ्य घराणं आणि दुसऱ्या बाजूला मध्य भारतात जुना दबदबा असलेलं नाग कुळ.

तिचं लग्न झालं वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याच्याशी. वाकाटकांची सत्ता तेव्हा विदर्भात होती आणि राजधानी होती नंदिवर्धन. हे नंदिवर्धन म्हणजे आजचं नगरधन, रामटेकपासून सहा-सात किलोमीटरवरचं गाव. आज तिथे जो किल्ला दिसतो तो बराच नंतरचा, पण त्याच्या आसपासच्या मातीखाली वाकाटकांची राजधानी आहे.

हे लग्न राजकारणाचा भाग होतं. चंद्रगुप्ताला पश्चिमेकडच्या शक क्षत्रपांशी लढायचं होतं. गुजरात आणि माळव्याकडे सैन्य न्यायचं, तर दक्षिणेकडचं विदर्भाचं राज्य आपल्या बाजूनं असणं त्याला गरजेचं होतं. तलवारीपेक्षा सोयरीक स्वस्त पडते, हे त्या काळातल्या राजांना चांगलं माहीत होतं.

पण ही सोयरीक फार काळ टिकली नाही. इ.स. 390 च्या सुमारास, अवघी काही वर्षं राज्य करून रुद्रसेन वारला. मागे राहिली तरुण राणी आणि लहान मुलं. थोरला दिवाकरसेन युवराज होता, पण गादीवर बसण्याचं त्याचं वय नव्हतं.

तिच्या काळात केसांची निगा कशी राखत

राणीची पुढची गोष्ट समजून घ्यायची, तर केसांच्या सुगंधाला त्या काळात किती अर्थ होता हे आधी पाहावं लागतं.

कामसूत्रात नागरकाच्या म्हणजे शहरी, सुखवस्तू माणसाच्या दिनक्रमाचं वर्णन आहे. त्यात आंघोळ रोजची, अंग रगडणं एक दिवसाआड आणि फेस येणारं फेनक तिसऱ्या दिवशी, असा क्रम सांगितला आहे. म्हणजे फेस करून धुण्याचा प्रकार रोजचा नव्हता. मधल्या दिवसांसाठी तेल, उटणं, फुलं आणि धूप होते.

धूप देण्याची पद्धत साधी होती. निखाऱ्यावर अगरू, चंदन, गुग्गुळ, राळ असं काहीतरी टाकायचं आणि मोकळे सोडलेले केस त्या धुरावर धरायचे. कुमारसंभवात लग्नाआधी पार्वतीचे ओले केस धुपाच्या उबेवर वाळवल्याचं वर्णन आहे. रघुवंशात उन्हाळ्यातल्या बायका न्हाऊन झाल्यावर केसांना धूप देतात आणि संध्याकाळी त्यात मोगऱ्याच्या जातीची फुलं माळतात. मेघदूतात उज्जयिनीवरून जाणाऱ्या मेघाला यक्ष सांगतो की घरांच्या जाळीदार खिडक्यांतून केसांना दिलेल्या धुपाचा धूर बाहेर येईल आणि त्यानं तुझं अंग भरून येईल.

यातला अगरू विदर्भातला नाही. तो यायचा ईशान्येकडून, आजच्या आसामच्या बाजूनं. रघुवंशातही काळ्या अगरूची झाडं कामरूपाच्या वर्णनात येतात. चंदन दक्षिणेचं. म्हणजे नंदिवर्धनातल्या एखाद्या वाड्यात केसांना असा धूप दिला जात असेल, तर त्या धुरामागे शेकडो कोसांचा व्यापार होता. वाळा आणि नागरमोथा मात्र जवळपासचे. आजही दिवाळीच्या उटण्यात आपण तेच घालतो.

पुढे सहाव्या शतकात वराहमिहिरानं बृहत्संहितेत सुगंध बनवण्याच्या कलेवर, गंधयुक्तीवर, एक अख्खं प्रकरण लिहिलं. त्याची सुरुवातच केसांपासून होते. केस पिकलेले असतील तर बाकीचा शृंगार शोभत नाही, म्हणून आधी ते काळे करण्याची कृती येते. मग त्या लेपाचा वास घालवण्यासाठी सुगंधी तेलं आणि डोकं धुण्याची सुगंधी द्रव्यं सांगितली आहेत. याच प्रकरणात 16 द्रव्यांच्या वेगवेगळ्या मिश्रणांतून 1,74,720 सुगंध तयार होतात असा हिशेबही मांडला आहे.

धुरामुळे वास का जातो?

केसाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. वास येतो तो टाळूचा. टाळूतून सतत तेलकट द्रव पाझरतो आणि घाम येतो. तिथे राहणारे जिवाणू आणि बुरशीसारखे सूक्ष्म जीव हे तेल आणि घाम मोडतात, त्यातून उग्र वासाचे पदार्थ तयार होतात. शिवाय केसांवरचा तेलाचा थर बाहेरचे वासही धरून ठेवतो. फोडणीचा, गाडीच्या धुराचा, सिगारेटचा वास कपड्यांइतकाच केसांत बसतो तो यामुळे.

धूप नेमकी हीच गोष्ट उलटी वापरतो. जो तेलाचा थर वाईट वास धरून ठेवतो, तोच सुगंधी धुरातले पदार्थही धरून ठेवतो. त्याबरोबर निखाऱ्याच्या उबेनं केस मुळापर्यंत कोरडे होतात. ओले केस तसेच बांधून ठेवले की कुबट वास येतो, तो टळतो. म्हणजे निम्मं काम सुगंधाचं आणि निम्मं काम केस कोरडे ठेवण्याचं. ड्राय शाम्पूही याच तत्त्वावर चालतो. त्यातलं स्टार्चसारखं द्रव्य टाळूवरचं तेल शोषून घेतं आणि त्याला जोडलेला सुगंध केसांत राहतो.

आपल्याकडे बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घातल्यावर ओवा, शेपा, वेखंड यांची धुरी देण्याची रीत आहे. तिच्यातही ऊब, कोरडेपणा आणि सुगंध हे तिन्ही आहेत.

सुगंध कोणासाठी आणि कोणासाठी नाही

आता मेघदूताची दुसरी बाजू. उज्जयिनीच्या खिडक्यांतून सुगंधी धूर बाहेर पडतो, पण याच काव्यातली यक्षाची बायको मात्र वेगळी दिसते. नवरा वर्षभरासाठी दूर रामगिरीवर आहे. तिनं केसांची एकच वेणी घातली आहे, जी नवरा परतल्यावरच सुटायची. तेल-सुगंधाशिवाय नुसत्या पाण्यानं न्हाल्यामुळे तिच्या बटा राठ झाल्या आहेत आणि गालांवर येतात.

ही फक्त कवीची कल्पना नव्हती. ज्या बाईचा नवरा परगावी आहे तिनं खेळ, शरीराचा शृंगार, सण-समारंभ पाहणं सोडावं, असा नियम याज्ञवल्क्य स्मृतीत आहे. नवरा परत येणार असलेल्या बाईला हा नियम, तर विधवेला याहून कडक. मनुस्मृती तिला आयुष्यभर व्रतस्थ राहायला सांगते. नंतरच्या शतकांत हे बंधन वाढतच गेलं आणि काही जातींत विधवेचे केसच काढून टाकण्यापर्यंत पोहोचलं. महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकातही ही प्रथा चालू होती. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी नाभिकांना एकत्र आणून केशवपनाला विरोध उभा केला, तो याच प्रथेविरुद्ध.

थोडक्यात, केसांचा सुगंध हा बाईच्या आवडीचा मामला नव्हता. तिच्या आयुष्यात पुरुष आहे की नाही, हे त्यावरून समाज वाचत असे. प्रभावतीगुप्ता विधवा झाली ती अशा काळात.

केसांऐवजी ताम्रपट बोलतात

प्रभावतीगुप्ता व्रतस्थ राहिली असेलही. ती विष्णूची भक्त होती आणि रामगिरीवरच्या देवावर तिची मोठी श्रद्धा होती. पण व्रत म्हणजे कोपऱ्यात बसणं असा अर्थ तिनं घेतला नाही. युवराज दिवाकरसेनाच्या नावानं तिनं राज्यकारभार हातात घेतला.

याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे तिचे ताम्रपट. त्यातला एक पुण्यातल्या एका तांबट घराण्याकडे सापडला, म्हणून त्याला पुणे ताम्रपट म्हणतात. तो नंदिवर्धनाहून दिलेला आहे आणि तिच्या कारभाराच्या तेराव्या वर्षातला आहे. त्यात तिनं दंगुण नावाचं गाव चनालस्वामी नावाच्या आचार्याला दान दिलं आहे. हे गाव वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटच्या परिसराशी जोडलं जातं.

दान देणं त्या काळात नवीन नव्हतं. नवीन होती ती दान देणाऱ्याची ओळख. वाकाटकांच्या इतर ताम्रपटांत वाकाटक राजांची वंशावळ येते. प्रभावतीगुप्तेच्या ताम्रपटात सुरुवात होते गुप्त राजांपासून, म्हणजे तिच्या माहेरापासून. गोत्रही ती सासरचं विष्णुवृद्ध सांगत नाही, माहेरचं धारण सांगते. मग ती स्वतःला रुद्रसेनाची पट्टराणी आणि युवराजाची आई म्हणवते. ताम्रपटाच्या मुद्रेवरही हे शासन युवराजाच्या आईचं आहे असं कोरलेलं आहे.

लग्नानंतर बाईचं गोत्र बदलतं असं मानणाऱ्या समाजात राज्याच्या अधिकृत कागदावर माहेरचं गोत्र लावणं ही लहान गोष्ट नाही. काही इतिहासकार म्हणतात की यामागे तिच्या बापाचा दबाव होता आणि विदर्भ त्या काळात जवळजवळ गुप्तांच्या छायेखाली होता. हे काही अंशी खरं असेल. पण बापाची सत्ता पाटलीपुत्रात होती आणि रोजचा कारभार नंदिवर्धनात होता. तेरा वर्षांहून जास्त काळ एक राज्य फुटू न देता चालवणं हे दुरून होणारं काम नाही.

मुलं गेली, राज्य राहिलं

तिच्या वाट्याला दुःखही कमी आलं नाही. ज्या दिवाकरसेनासाठी ती राज्य सांभाळत होती, तो राजा झाल्याचा उल्लेख कुठेच येत नाही. तो त्याआधीच गेला असावा, असं अभ्यासक मानतात. पुढच्या ताम्रपटात ती दामोदरसेन आणि प्रवरसेन यांची आई म्हणून येते. शेवटी गादीवर बसला तो दुसरा प्रवरसेन.

मुलगा राजा झाल्यावरही तिचा मान कमी झाला नाही. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सापडलेला ताम्रपट प्रवरसेनाच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षातला आहे, म्हणजे पाचव्या शतकाच्या मध्याकडचा. राजा गादीवर असताना हे दानही तिनंच, रामगिरीच्या देवाच्या पायाशी, स्वतःच्या नावानं दिलं आहे. तेव्हा ती बरीच म्हातारी असणार. नवरा गेला त्याला जवळजवळ अर्धं शतक लोटलं होतं.

प्रवरसेनानं पुढे राजधानी प्रवरपूरला हलवली. तो स्वतः कवी होता. सेतुबंध हे रामकथेवरचं काव्य त्याच्या नावावर आहे, आणि ते महाराष्ट्री प्राकृतात आहे, म्हणजे मराठीच्या पूर्वज भाषेत. या काव्याला कालिदासाचा हात लागला होता अशी जुनी परंपरा सांगते. नागपूरचे थोर संशोधक वासुदेव विष्णु मिराशी यांनी वाकाटकांचे लेख एकत्र करून 1963 साली त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. रामगिरी म्हणजे रामटेक ही भूमिकाही त्यांनी ठामपणे मांडली. कालिदास दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या काळात होऊन गेला आणि त्यामुळे विदर्भाच्या दरबाराशी त्याचा संबंध आला, असं हा पक्ष मानतो.

हे मान्य केलं तर एक गोष्ट लक्ष वेधून घेते. रघुवंश हे काव्य रामाच्या घराण्याच्या थोर राजांबद्दल आहे, पण त्याचा शेवट थोर राजानं होत नाही. विलासात बुडालेला अग्निवर्ण आजारी पडून मरतो, आणि त्याची गरोदर राणी मंत्र्यांच्या मदतीनं राज्य चालवू लागते. तिथेच काव्य संपतं. नवरा गेलेली, होणाऱ्या मुलासाठी गादी सांभाळणारी राणी कवीनं कुठून घेतली हे सिद्ध करता येत नाही. पण तशी एक राणी रामगिरीच्या पायथ्याशी खरोखर होती.

मातीतून वर आलेलं नाव

2015 ते 2018 या काळात राज्य पुरातत्त्व विभाग आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज यांनी नगरधनला उत्खनन केलं. तिथे भाजक्या मातीच्या वस्तू, काचेची कर्णभूषणं, मातीच्या बांगड्या असं रोजच्या वापरातलं बरंच काही निघालं. सगळ्यांत महत्त्वाचा होता मातीचा एक लहानसा लंबगोल मुद्रांक. त्यावर शंखाचं चिन्ह आहे आणि ब्राह्मी लिपीत प्रभावतीगुप्तेचं नाव आहे.

असा मुद्रांक म्हणजे आजच्या भाषेत सही-शिक्का. ताम्रपटात राणी युवराजाची आई म्हणून येते. या मातीच्या शिक्क्यावर तिचं स्वतःचं नाव आहे. दूरच्या गावात तो पाहणाऱ्याला आदेश कोणाचा आहे हे कळत होतं, आणि तो पाळला जात होता.

रामटेकच्या गडावर केवल नरसिंह मंदिर आहे. तिथला खंडित शिलालेख अभ्यासक तिच्या मुलीशी जोडतात. आईच्या पुण्यासाठी लेकीनं केलेलं हे काम असावं, असं त्यावरून मानलं जातं. पुढे वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेच्या काळात अजिंठ्याची लेणी रंगली. 17 क्रमांकाच्या लेण्यात आरशात पाहून शृंगार करणारी राजस्त्री आजही दिसते, केस सजवलेली, भोवती दासी. त्या काळातल्या केशरचना पाहायच्या तर ते चित्र आहे. प्रभावतीगुप्तेचं मात्र एकही चित्र नाही. तिचे केस राठ होते की सुगंधी, हे ताम्रपट सांगत नाहीत. ते दान, गावं, सीमा आणि आज्ञा यांबद्दल बोलतात.

आज यातून काय घ्यायचं

केसांपुरतं बोलायचं तर जुन्या पद्धतीतली मुख्य गोष्ट आजही लागू पडते. दोन न्हाण्यांच्या मध्ये केस ताजे ठेवायचे तर आधी ते कोरडे ठेवायचे. ओले केस बांधायचे नाहीत, घामेजलेला स्कार्फ रोज धुवायचा, कंगवा आणि उशीचा अभ्रा वरचेवर बदलायचा, घरी आल्यावर केस मोकळे सोडून वारा लागू द्यायचा. धूप द्यायचाच असेल तर खिडकी उघडी ठेवून, निखाऱ्यापासून अंतर राखून, थोडा वेळच. दमा असलेल्यांनी आणि लहान मुलं असलेल्या घरांनी तो टाळलेला बरा, कारण सुगंधी असला तरी धूर हा धूरच. टाळूला खाज, कोंडा किंवा न जाणारा वास असेल, तर सुगंधानं तो झाकण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं.

आणि कधी रामटेकला गेलात, गडावरून कालिदास स्मारक पाहून उतरलात, तर गाडी नगरधनच्या रस्त्याला वळवायला हरकत नाही. किल्ल्याच्या आसपासची शेतं, पांदण आणि टेकाडं पाहून तिथे राजधानी होती हे पटकन लक्षात येत नाही. पण त्याच मातीत तिच्या नावाचा शिक्का सोळाशे वर्षं पडून होता.